जेरेमी मॅकगव्हर्न: बचावपटूचं मोल मोजायचं कसं?

पर्थकर

काल सकाळी लेकीची फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची, मॅच होती. ती चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघात फुलबॅक, म्हणजे गोलसमोरची शेवटची बचावपटू, खेळते. मॅच संपल्यावर एका पालकांनी तिच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "आज बॉल फारसा आलाच नाही ना तुझ्याकडे?" बोलणं प्रेमाचंच होतं, पण घरी येईपर्यंत पोरगी गाडीत गप्प बसून होती.

मी अख्खी मॅच गोलच्या खांबांमागे उभा राहून पाहिली होती. समोरच्या संघाची सगळ्यात उंच मुलगी हिच्या वाट्याला होती. तीन क्वार्टर त्या मुलीला बॉल मिळालाच नाही, कारण दर वेळी ही दोन पावलं आधी तिच्या आणि बॉलच्या मधे जाऊन उभी राहायची. मैदानाच्या मधून बॉल मारणाऱ्या मुली मान वर करून बघायच्या आणि दुसरीकडे मारायच्या. हे कागदावर कुठेच येत नाही. रात्री तिला ते समजावून सांगताना माझी गाडी सारखी एकाच खेळाडूवर येत होती, म्हणून हा धागा.

जेरेमी मॅकगव्हर्न. आमच्या पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्स क्लबचा बचावपटू. डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे 2025 मध्ये त्याला थांबावं लागलं. 197 सामने, दोनशेला तीन कमी. मी वेस्ट कोस्टचा पाठीराखा आहे आणि हा माझा सगळ्यात आवडता खेळाडू, तरी त्याच्या उणिवाही तितक्याच मोकळेपणाने मांडतो.

ज्यांनी फुटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान लंबगोल, बऱ्याचदा क्रिकेटचंच. एका संघाचे 18 जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून बॉल लाथेने गेला तर गोल, 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 1 गुण. किमान 15 मीटर लांबून आलेली किक कुणी हवेत झेलली की त्याला मार्क म्हणतात, आणि मार्क घेणाऱ्याला पुढची किक निवांत मारता येते. ऑफसाइड हा प्रकार नाही. बचावपटूच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं, कारण त्याचा माणूस त्याच्या पाठीमागे, थेट गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहू शकतो.

आता मॅकगव्हर्न. हा काही शाळेपासून नावाजलेला वगैरे नव्हता. रूकी ड्राफ्टमधून, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या निवडीतून, 44 व्या क्रमांकावर क्लबमध्ये आला. पहिला सामना 2014 ला. त्याचं नशीब खऱ्या अर्थाने उघडलं ते दुसऱ्यांच्या दुखापतींमुळे. 2014 साली क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला बचावपटू एरिक मॅकेंझी 2015 चा हंगाम सुरू होण्याआधीच गुडघ्याने बाद झाला. पहिल्याच फेरीत मिच ब्राउनचाही गुडघा गेला. प्रशिक्षक अ‍ॅडम सिम्पसनकडे माणसाला माणूस लावावा इतके मोठ्या चणीचे बचावपटू उरलेच नाहीत. मग त्यांनी माणसं धरण्याऐवजी जागा धरायला लावल्या. त्या रचनेला इथे सगळे 'वेब' म्हणायला लागले, म्हणजे कोळ्याचं जाळं. आणि त्या जाळ्याच्या मधोमध हा बसला.

त्याची पहिली ताकद म्हणजे नजर. बाकीचे बॉल हवेत गेल्यावर धावतात, हा बॉलला बूट लागायच्या आधीच निघालेला असायचा. मारणारा दबावाखाली आहे का, कोणत्या पायाने मारणार आहे, शरीर कुठे वळलंय, एवढ्यावरून बॉल कुठे पडणार हे त्याला कळायचं. दुसरी ताकद हात. बहुतेक बचावपटू अशा वेळी मुठीने बॉल उडवतात, त्याला स्पॉइल म्हणतात. त्यात धोका टळतो, पण बॉल तिथेच खाली पडतो आणि झोंबाझोंबी सुरूच राहते. मॅकगव्हर्न गर्दीतसुद्धा झेल घ्यायचा. गोल खायची वेळ आलेली असते आणि पुढच्या क्षणी बॉल आपल्या माणसाच्या हातात, निवांत. तिसरी ताकद, जिच्याबद्दल कमी बोललं जातं, ती त्याची किक. लांब, खालून जाणारी, आणि छातीवर येणारी.

या तिन्ही गोष्टी एकाच क्षणात बघायच्या असतील तर 2018 ची ग्रँड फायनल. मेलबर्नचं एमसीजी, लाखभर माणसं, समोर कॉलिंगवूडचा संघ. कॉलिंगवूडने पहिले पाच गोल केले होते. वेस्ट कोस्टने हळूहळू ते भरून काढलं, पण शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा कॉलिंगवूड जेमतेम पुढे होतं आणि चढाईही त्यांचीच होती. त्यांचा बॉल आत आला आणि मॅकगव्हर्नने झेलला. तिथून त्याची लांब किक नेथन वार्डीकडे, वार्डीकडून लियम रायनकडे, रायनकडून डॉम शीडकडे. शीडने उजव्या कोपऱ्यातून, अगदी सीमारेषेजवळून गोल मारला. 79-74. पाच गुणांनी विजेतेपद. आजही सगळे शीडचा गोल आठवतात, आणि आठवावाच. पण ती साखळी सुरू करणारा माणूस त्या दिवशी मोडलेल्या बरगड्या घेऊन खेळत होता. त्या बरगड्यांनिशी दोन्ही हात वर करून, छाती उघडी टाकून झेल घ्यायचा. त्या वेळी मुठीने बॉल उडवला असता तर कुणी एका शब्दाने दोष दिला नसता.

आता उणिवा. एक, तो वेगवान नव्हता. चपळ, बुटका फॉरवर्ड अंगावर आला आणि बॉल जमिनीवर पडला की त्याची ओढाताण व्हायची. दोन, दमसास. सुरुवातीच्या वर्षांत वजन आणि तयारी यावरून क्लबने त्याला खडसावलंही होतं. तीन, दुखापती. 2022 आणि 2023 मध्ये क्लब तळाशी होता तेव्हा तो बराच काळ बाहेरच होता.

पण खरी उणीव चौथी, आणि ती मला कित्येक वर्षं नीट मांडता येत नव्हती. हवेतला बॉल तोडायचा तर आपला माणूस सोडावा लागतो. तो दर वेळी सोडायचा. अंदाज बरोबर आला तर वाहवा. चुकला तर त्याने सोडलेला माणूस गोलसमोर एकटा. म्हणजे त्याची जी ताकद, तीच उणीव. दोन वेगळ्या यादीत लिहिण्यासारख्या त्या गोष्टीच नाहीत.

तुम्हाला काय वाटतं?

पिवळाकाळा

पर्थकर, तळमळीने लिहिलंय, पण रिचमंडचा पाठीराखा म्हणून अ‍ॅलेक्स रान्सचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 2014 ते 2018 सलग पाच वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, आणि 2017 ला त्या संघाचा कप्तान. त्याच वर्षी आम्ही 37 वर्षांनी विजेतेपद मिळवलं. तो मॅकगव्हर्नसारखा पुढे येऊन बॉल तोडायचाच, पण त्याच्याकडे दमसासही होता आणि एकास एक झुंजीत तो जवळपास हलायचा नाही. त्या काळात समोर कितीही मोठा फॉरवर्ड असो, आम्हाला धाकधूक वाटायची नाही.

आणि तरीही. 2019 च्या पहिल्याच सामन्यात, कार्ल्टनविरुद्ध, त्याचा गुडघा गेला. मी स्टेडियममध्ये होतो. आसपासचे लोक अक्षरशः डोकं धरून बसले होते. हंगाम संपला असंच सगळ्यांना वाटलं. त्याच वर्षी रिचमंडने फायनल 89 गुणांनी जिंकली, समोरच्या जीडब्ल्यूएसला अख्ख्या सामन्यात फक्त तीन गोल करू दिले. 2020 ला पुन्हा विजेतेपद. रान्स तोवर निवृत्तही झाला होता.

तेव्हापासून माझ्या मनातून हा प्रश्न जात नाही. देशातला सर्वोत्तम बचावपटू निघून गेला आणि बचाव ढासळला नाही, तर आपण इतकी वर्षं नेमकं काय मोजत होतो? ग्राइम्स, अ‍ॅस्टबरी, व्लास्टुइन, ब्रॉड, हूली हे सगळे बचावपटू आधीही तिथेच होते. आम्हाला फक्त रान्स दिसत होता.

गोदाकाठ

मी नाशिकहून लिहितेय. एमसीजी फक्त क्रिकेटमुळे माहीत, फुटी कधीच पाहिली नाही, पण धागा एका दमात वाचला. एक प्रश्न. आपला माणूस सोडून जाणं ही जर उणीव, तर प्रशिक्षक त्याला थांबवत का नाहीत? जागेवर उभं राहायला सांगितलं तर निदान चूक तरी होणार नाही ना?

कोपरारक्षक

गोदाकाठ ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला फुटीतून देता येणार नाही, पण मी चौदा वर्षं कबड्डी खेळलोय, सांगलीकडे, उजवा कोपरा. तिथून सांगतो.

चढाईपटू आत आला की कोपऱ्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. पकडीला जायचं की नाही, आणि जायचं तर कधी. वेळेआधी झेप घेतली तर तो हात लावून निघून जातो, गुण गेला. पण कधीच झेप घेतली नाही तर? चढाईपटूला दोन-तीन चढायांत कळतं की हा कोपरा मेलेला आहे. मग तो निवांत बोनस घेतो, त्याच बाजूने येत राहतो, आणि उरलेल्या सहा जणांवर सगळा भार पडतो. माझे गुरुजी म्हणायचे, कोपऱ्याची भीती पाहिजे. पकड दहातल्या तीनच होतील, पण उरलेल्या सात वेळा चढाईपटू लांबून परत गेला पाहिजे.

आणि दुसरी बाजू. मी घोट्याला गेलो की माझ्या शेजारचा कव्हर त्याच क्षणी आत यायचा. मी चुकलो तरी तो अंगावर पडायचा. त्याने एका पावलाचा उशीर केला की मी मूर्ख दिसायचो. बरोबर आला तर टाळ्या मला. त्यामुळे पिवळाकाळा यांचा प्रश्न मला अगदी आतून कळतो. कोपरा किती चांगला हे त्याच्या कव्हरला विचारावं.

पर्थकर

कोपरारक्षक, तुमचा प्रतिसाद मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. "कोपऱ्याची भीती पाहिजे" हे तिने वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्या कव्हरच्या मुद्द्यावरून मला माझंच लिखाण दुरुस्त करावंसं वाटतं. मॅकगव्हर्नचे कव्हर म्हणजे टॉम बॅरास आणि शॅनन हर्न. बॅरास समोरच्या सगळ्यात धोकादायक फॉरवर्डला अंगाला अंग लावून धरायचा, म्हणून हा मोकळा. त्याच 2018 च्या फायनलमध्ये विल स्कोफील्डचं उदाहरण घ्या. संघातली जागा पक्की नसलेला अनुभवी खेळाडू. त्याच्याकडे काम आलं मेसन कॉक्सला सांभाळायचं. कॉक्स म्हणजे 211 सेंटीमीटर उंचीचा अमेरिकन, ज्याने आठवड्यापूर्वीच्या उपांत्य सामन्यात रिचमंडला हैराण केलं होतं. स्कोफील्ड त्याला दिवसभर चिकटून राहिला. ते काम झालं नसतं तर मॅकगव्हर्नला कॉक्सकडेच लक्ष ठेवावं लागलं असतं आणि शेवटचा तो झेल घ्यायला तो त्या जागी नसता. आम्ही पर्थमध्ये स्कोफील्डचं नाव पुरेसं घेत नाही, हे मनापासून वाटतं.

गोदाकाठ, थांबवलं तर काय होतं याचं उत्तर कोपरारक्षकांनी दिलंच. त्यात एवढंच घालतो की फुटीत मैदान प्रचंड मोठं आहे. प्रत्येकाने फक्त आपला माणूस धरला तर चांगला फॉरवर्ड मोकळ्या जागेत पळून झेलणारच. 2018 च्या पहिल्या फेरीत, आमच्या नव्या स्टेडियमवरच्या पहिल्याच एएफएल (फुटीची सर्वोच्च लीग) सामन्यात, सिडनीच्या लान्स फ्रँकलिनने आमच्यावर 8 गोल केले. तसा दिवस आला की एकट्यादुकट्या माणसाचं काही चालत नाही.

यारेकाठची

मी कॉलिंगवूडची. 2018 च्या त्या फायनलला एमसीजीवर होते, नवऱ्याबरोबर, दक्षिणेच्या स्टँडमध्ये वरच्या मजल्यावर. सात वर्षं होऊन गेली तरी ती क्लिप मी पूर्ण बघू शकत नाही, त्यामुळे पर्थकर, तुमचं लिखाण वाचताना त्या परिच्छेदाशी थांबले होते.

पण वरच्या मजल्यावरून जे दिसलं ते सांगते, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. टीव्हीचा कॅमेरा बॉलबरोबर असतो. आम्हाला वरून अख्खं मैदान दिसत होतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमचे खेळाडू बॉल घेऊन वर येताना सारखे अडखळत होते. बघायचे, थांबायचे, पुन्हा बघायचे. जिथे मारायचं तिथे मॅकगव्हर्न उभा. आणि शेवटी वेळ संपत आल्यावर दबावाखाली जी किक उंच मारली गेली ती त्याच्याच हातात. बॉल हवेत असतानाच आमच्या रांगेतली एक म्हातारी बाई "नको, नको" म्हणाली होती. तिला कळलं होतं.

पुढे शीडच्या मार्कच्या वेळी आमच्या मेनार्डला तुमच्या रिओलीने अडवलं, त्यावर फ्री किक मिळायला हवी होती असं मला आजही ठामपणे वाटतं. पण मॅकगव्हर्नच्या झेलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो त्याने कमावला होता.

उणिवेबद्दल मात्र माझं मत तुमच्याहून वेगळं आहे. तुम्ही म्हणता, माणूस सोडणं ही त्याची उणीव. मला वाटतं त्याची उणीव उघडी पडायची ती बॉल लांब न मारणाऱ्या संघांसमोर. 2015 ची फायनल आठवा. हॉथॉर्नने तुमच्या त्या जाळ्यात बॉल टाकलाच नाही. छोट्या छोट्या, अचूक किक, या माणसाकडून त्या माणसाकडे, जाळ्याच्या कडेकडेने. 46 गुणांनी जिंकले. हवेत बॉलच आला नाही तर तोडणार काय? त्या दिवशी जमिनीवरचा वेग लागत होता, आणि तो त्याच्याकडे नव्हता.

आकडेवाला

यारेकाठची यांचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. आकडेवारीच्या अंगाने थोडं सांगतो.

बचावपटूसाठी साधारण हे मोजलं जातं: इंटरसेप्ट मार्क, म्हणजे समोरच्यांची किक झेलणं, स्पॉइल, एकास एक झुंजी किती झाल्या आणि त्यातल्या किती हरल्या, आपल्या गोलसमोर आखलेल्या 50 मीटरच्या कमानीतून बॉल बाहेर किती वेळा काढला, आणि किती किक वाया गेल्या. यातला इंटरसेप्टचा आकडा सगळ्यात चमकदार, म्हणून वृत्तपत्रांत तोच येतो. पण तो आकडा बॉल आत कसा येतो यावर अवलंबून असतो. मधल्या फळीने दबाव टाकला तर समोरचा घाईत उंच किक मारणार, आणि मागच्याला झेल सोपा. मधली फळी कोलमडली तर बॉल वेगाने, नेमका फॉरवर्डच्या छातीवर येणार, आणि जगातला कुठलाही बचावपटू तिथे हतबल.

म्हणून मला मॅकगव्हर्नचा 2018 चा हंगाम महत्त्वाचा वाटतच नाही. त्याचा खरा कस 2024 ला लागला. संघ तळाजवळ होता, मधली फळी कच्ची, त्यातला हार्ली रीड पहिल्याच हंगामात. बॉल सारखा आत येत होता आणि तोही हवा तसा नव्हे. त्या वर्षी तो पाचव्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. वयाच्या बत्तिशीत. पर्थकर म्हणतात तसा तो फक्त जाळ्याचा माणूस असता तर जाळं फाटल्यावर संपला असता.

नियमांचंही बघा. 2019 पासून मधल्या बाउन्सच्या वेळी, म्हणजे मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना, प्रत्येक संघाने तीन विभागांत सहा-सहा खेळाडू ठेवायचे असा नियम आला. त्याआधी एक जास्तीचा माणूस मागे लपवता यायचा. 2021 पासून मार्कच्या जागी उभा राहणाऱ्याला हलता येत नाही, त्यामुळे किक मारणाऱ्याला कोन उघडा मिळतो. दोन्ही बदल त्याच्यासारख्या खेळाडूच्या विरोधातले. तरी तो टिकला. माझ्या लेखी तो रान्सपेक्षा थोडा वर, आणि कारण फक्त हेच.

पिवळाकाळा

आकडेवाला, 2024 चा मुद्दा मान्य. पण त्यावरून रान्सचे गुण कापणं मला पटत नाही. एकास एक झुंजीत शेवटची पाच मिनिटं, समोर मोठा फॉरवर्ड, मागे कुणी नाही, अशा वेळी मी अजूनही रान्सच मागेन.

कोपरारक्षक

पर्थकर, एक विचारायचं होतं. तुमच्या मुलीला प्रशिक्षक काय सांगतात? झेप घ्यायला सांगतात की माणूस धरायला? त्या वयात मला फक्त "पाय सोडू नकोस" एवढंच सांगितलं जायचं आणि झेपेची भीती घालवायला पुढे चार वर्षं लागली.

पर्थकर

कोपरारक्षक, नेमका तोच पेच आहे. प्रशिक्षिका चांगल्या आहेत, पण त्या माणूस धरायलाच सांगतात, आणि या वयात ते बरोबरही असेल. बुधवारच्या सरावाला मी त्यांच्याशी बोललो. त्यांनी एक तोडगा काढला. दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये हिने वाटलं तर सोडून जायचं, मात्र जाताना शेजारच्या मुलीला मोठ्याने हाक मारायची, म्हणजे तुमच्या भाषेत कव्हर आत यावा.

यारेकाठची, 2015 बद्दल तुमचं बरोबर आहे. ती फायनल मी पुन्हा लावून पाहिली. लेकही शेजारी बसली होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिने स्वतःहून विचारलं, "बाबा, ते त्याच्याकडे मारतच नाहीयेत, मग तो पुढे का जात नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तो खरंच मागे उभा होता, आणि बॉल त्याच्या समोरून, पंचवीस-तीस मीटरवरून, इकडून तिकडे जात होता.

आज सकाळी तिची मॅच झाली. चौथ्या क्वार्टरमध्ये ती दोनदा सोडून गेली. पहिल्यांदा हाक मारायला विसरली आणि मागे गोल झाला. दुसऱ्यांदा हाक मारली, शेजारची मुलगी आली, आणि हिने मुठीने बॉल उडवला. झेल नाही घेतला. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "पकडता आला असता, पण हात आपोआप मुठीचे झाले." आता दुपारी आम्ही दोघं बॉल घेऊन मैदानावर चाललोय.